निळ्या स्लीपरचं बेडूक

१२ मे
शांताला पुण्याला जाऊन दुसरा महिना लागला. गजू अन् सून दोघं नोकरीला, मग नातीकडे बघणार कोण. बरोबरच आहे. मीच एसटीत बसवून दिलं, खिडकीची सीट धरून दिली. जन्मभर कंडक्टरकी केली, पण बायकोला गाडीत बसवून आपण खाली राहायचं, हे पहिल्यांदाच.
सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्याला मासे धरायला गेलो होतो. गजूची जुनी चक्रीची गळकाठी घेऊन. आमिष म्हणून हिंगोलीहून आणलेला प्लास्टिकचा खोटा मासा दुसऱ्याच फेकीला बुडालेल्या बाभळीत अडकला. गेला. आता विकत आणायचा नाही. घरीच करायचा. दिवस तरी जाईल.

१९ मे
पांगाऱ्याची फांदी तोडून आणली. लाकूड हलकं, सुरीनं सोलून निघतं. काट्यांनी मात्र हाताची चाळण. बोटाएवढा मासा तासला अन् हौदात सोडला. पोट वर, पाठ खाली.
शेजारचा केरबा कुंपणावरून बघत होता. "कंडक्टर, हा तं मरून राहिला. मेलेल्याला कोन खाईल?"
पोटात शिसं भरावं लागेल. रात्री भाकरी नाही केली. चुरमुरे.

२७ मे
जुन्या जाळ्याचं शिसं ठोकून बसवलं. आता पोहतो, पण एका अंगावर, जास्त माणसं भरलेली गाडी वळणावर जाते तसा. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची जीभ करून तोंडाला लावली, पाण्यात डुलावा म्हणून. भोक पाडायला तिकिटाचा जुना चिमटा काढला. खळखळ वाजला अन् सवयीनं तोंडातून निघालं, "चला, तिकीट!" घरात कुणी नव्हतं. बरंच झालं. म्हणजे बरं नाही.

३ जून
रंग. बैल विकले, पण शिंगांचा लाल रंग अन् पोळ्याचं बेगड कोनाड्यात तसंच होतं. लाल अंग, वर बेगडाचे खवले. देखणा झाला. केरबा म्हणे, "आता घुंगुरमाळ बी बांधा."
तिसऱ्या फेकीला सगळं बेगड सुटून पाण्यावर. खळीनं चिकटवलं होतं, आमच्या रितीनं. बैल काही बुडी मारत नाही, म्हणून आजवर कळलं नाही.
शांताचा फोन. नात रांगायला लागली. तिला बेगडाचं सांगायचं होतं, तेवढ्यात पोरगी रडली. राहिलं.

१५ जून
मरळ जातीची मासळी खोट्या माशावर नाही येत, बेडकावर येते. वडिलांच्या वेळी खरं बेडूक गळाला टोचायचे. माझ्यानं ते होत नाही. पाण्यावर तरंगेल असं मऊ काहीतरी पाहिजे. घरभर फिरलो. मोरीपाशी शांताची निळी स्लीपर. जुनी, टाचेला झिजलेली. इथं टाकून गेली म्हणजे नकोच असेल. डाव्या पायाची कापली.
काय बेडूक झालंय! बैलांच्या गोंड्याच्या लोकरीचे पाय, पोटाखाली गळ. ओढलं की टुणूक टुणूक. हौदावर एकटाच हसत बसलो.

२२ जून
फोन. शांता म्हणाली, "मोरीपाशी माही निळी सिलीपर हाय ना? उन्हात नका ठेवू, कडक होती. आल्यावर तीच लागंल मला."
म्हणालो, "हाय."
एक आहे. खोटं नाही बोललो.
पण "आल्यावर" म्हणाली. आपणहून म्हणाली. मी समजत होतो टाकून गेली, अन् ती ठेवून गेली होती. दिवसभर तोच एक शब्द. तिची फार आठवण येते. लिहून टाकलं.

११ जुलै
पाणी चढलं. कडेच्या गवतात बेडूक फेकलं. एक ओढ, दोन ओढी अन् धाडकन! हाताला असा झटका की काठी जाते की काय. मरळ. कोपरापर्यंत लांब. माझ्या हातच्या बेडकावर! ओरडलो, पलीकडं काठावर बसलेला केरबा पळत आला.
मग पाण्यात दिसलं. लाल लाल बारीक पिल्लांचा घोळका, तिथंच गरगर फिरत होता. बेडूक भूक लागली म्हणून नव्हतं धरलं तिनं. पिल्लांवर आलं म्हणून धरलं.
केरबा म्हणे, "टाका पिशवीत. रस्सा करू."
"पिल्लावरची हाय."
"तं काय झालं? आयती आली."
वडील अशी मरळ कधी घरी आणत नसत. गळ काढला, सोडली. सरळ घोळक्याखाली गेली. केरबा दोन दिवस बोलणार नाही.

१२ जुलै
बोलला. "रस्सा गेला तं गेला, वहिनी कवा येऊन राहिल्या ते सांगा."

३ ऑगस्ट
गजूचा फोन. "बाबा, छकुली शाळेत जाईपर्यंत आई इथंच राहू दे. तुम्ही पण या ना इकडं." शाळेत जाईपर्यंत!
मग शांता फोनवर. मी म्हणणार होतो, ये. ओठांवर आलं होतं. मागून पोरगी "आजी, आजी" नाही, नुसतं "जी, जी" करत होती. मला ती मरळ दिसली. म्हणालो, "राहा. माहं बरं चाललंय."
तिनं विचारलं, "खरंच बरं चाललंय?"
रेंज नाही म्हणून ठेवून दिला. रेंज होती.

१६ ऑगस्ट
शांता पोळ्याला दोन दिवस येते म्हणाली! घर सारवलं. जवळा बाजार गावच्या दुकानात स्लीपर पाहिली, निळीच. घेतली नाही. नवी दिली तर जुनीचं विचारणारच.

२२ ऑगस्ट, पोळा
आली नाही. छकुलीला ताप. मातीचे बैल पुजले, एकट्यापुरती पोळी. केरबाच्या घरून ताट आलं, तेही तसंच झाकून ठेवलं.

२४ ऑगस्ट
ताप उतरला. कळवलं तिनं. येण्याचं ती बोलली नाही, मी विचारलं नाही.
केरबा आला. त्यालाही बेडूक पाहिजे. "दुसऱ्या सिलीपरचं करा की. एकीचं काय करता ठेवून?"
"ती न्हाई कापायची."
"काहून?"
माझंच बेडूक देऊन टाकलं त्याला, पाय तुटलेलं होतं तरी खूश झाला.
उजव्या पायाची धुऊन मोरीपाशी सावलीत ठेवली आहे. आली की पहिल्यांदा विचारेल, दुसरी कुठाय. मग पांगाऱ्यापासून सगळं सांगता येईल.