बोंडू खाल्लेल्या कोंबड्यांचा निकाल

जामसंडे,
रविवार

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी ऋताचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी रोज घेता, की आठवण होईल तेव्हा? शिरोड्याला वारा फार असतो, संध्याकाळी कान बांधून बसत जा. जामसंड्याचा कोणताही फोन तुम्ही सहा वर्षांत उचललेला नाही, म्हणून हे पत्र. त्याचा हेतू निव्वळ शास्त्रीय आहे. घरगुती गोष्टींशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करते.

आपल्याकडे काजूची बी काढून घेतली की उरलेली फळे, म्हणजे बोंडू, झाडाखाली कुजत पडतात. ते वाळवून, दळून कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले तर मांसाचा दर्जा टिकतो का, हे मी दोन वर्षे तपासते आहे. आमच्या परसात कोंबड्यांचे दोन गट चौदा आठवडे वाढवले, एक बाजारच्या खाद्यावर, दुसरा बोंडूवर. (दुसऱ्या गटाला झिंग चढते ही अफवा वाडीत कोणी उठवली ते समजले नाही. वाळवलेल्या बोंडूने झिंग चढत नाही. मी तसे फलकावर लिहूनही ठेवले होते.) मांसातले पाणी, चरबी, मऊपणा हे सगळे यंत्राने मोजून झाले. राहिली होती माणसाच्या जिभेची परीक्षा. त्यासाठी वाडीतले बारा जण निवडले. मी पहिला दिवस सोमवार ठेवला, तेव्हा कोणीच आले नाही. मग गुरुवार ठेवला, तेव्हा राधाबाईंनी कुंपणाच्या बेड्यातूनच कानाला हात लावून परत पाऊल टाकले. इतकी वर्षे शिकून मी वार विसरले, याची मला खरोखर लाज वाटली. शेवटी बुधवारी सगळे जमले.

प्रत्येकापुढे आकडे घातलेल्या तीन वाट्या होत्या. आत नुसते उकडलेले मांस, मीठसुद्धा नाही. दोन वाट्यांत दोन गटांतले, आणि तिसरीत, मुद्दाम, अंडी द्यायची थांबलेल्या म्हाताऱ्या कोंबडीचे. ती चिवट लागलीच पाहिजे, तरच चाखणारे खरे बोलताहेत असे धरता येते. एक ते नऊ मार्क द्यायचे. पण भिकाजीकाका (देवापुढे वाडीची गाऱ्हाणी तेच घालतात) पुढ्यातली वाटी पाहून उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान जा काय मांडल्यान हा ता शेवटाक ने, आनि तिका खंय कमी म्हणान पडाक देव नको!" बाकीचे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणाले. सवयीने तोंडातून गेले.

निकाल असा. आईचा कागद राहिला, कारण ती वाढत होती. उरलेल्या अकरा जणांनी तिन्ही वाट्यांना नऊ मार्क दिले. म्हाताऱ्या कोंबडीलासुद्धा नऊ. भिकाजीकाका तिचा एकच तुकडा दहा मिनिटे चघळत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, तरी नऊ. मी विचारायला गेले तर माझ्यावरच रागावले. "देवाक सांगलंव तुझा बरा होवंदे म्हणान. मगे कमी मार्क घालून आमीच आडवे कशे येतलंव?"

अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा आहे. म्हाताऱ्या कोंबडीचा रकाना गाळला तर निकाल फार देखणा दिसतो, बोंडूवरचे मांस बाजारच्या खाद्यावरच्या मांसाइतकेच चांगले. तो गाळायचे माझ्या मनात आले होते, मामा, खोटे कशाला सांगू? पण उद्या माझा अहवाल वाचून कोणी आपल्या कोंबड्यांना बोंडू घातले आणि मांस बिघडले, तर त्याने कोणाकडे जायचे? आणि रकाना ठेवला तर माझी दोन वर्षे पाण्यात जातात. रात्री नीट जेवण जात नाही. असो. इकडची काळजी नसावी.

आपली आज्ञाधारक भाची,
ऋता

ता. क. : परीक्षा येत्या बुधवारी पुन्हा घेणार आहे. तुम्ही चाखायला यावे. मुख्याध्यापक असताना सख्ख्या भाचीला निबंधात दहापैकी चार देणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. येताना तुमच्यासारखे आणखी कोणी शिरोड्यात असतील तर घेऊन या, नसतील असे वाटते. सहा वर्षांपूर्वी राखणदाराला कोंबडा दिल्यावर आमच्या राखणेच्या जेवणात चाळीस माणसांसमोर तुम्ही "विमला, सागोती शिजाक नाय" म्हणालात. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होते, त्या सागोतीतले मांस मीही खाल्ले होते. आईला त्या दिवशी ताप होता, हे मात्र तुम्हाला कोणी सांगितले नाही. तेव्हापासून भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळते.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करताना आईचा कागद मसाल्याच्या डब्याखाली सापडला. पहिल्या दोन वाट्यांना सात-सात. म्हाताऱ्या कोंबडीला दोन. पुढे शेऱ्याच्या जागी लिहिले आहे, "चिवट. दादा आसतो तर लगेच बोललो आसतो." दुसरे वाक्य तिने खोडले आहे, पण पेन्सिलीने, आणि अगदी हलक्या हाताने. कागद सोबत पाठवते आहे. बुधवारी येताना परत आणा, अहवालाला जोडायचा आहे.