सोमीबाईच्या माळेतला न चालणारा रुपया

४ फेब्रु., मंगळ
सोमीबाई आली. रविवारी पोरीचं, कमलीचं लगन. सासूची जुनी रुपयांची माळ आणली. कड्या झिजल्या, नव्या लावून पाहिजे. अहेरीत गोंड बायांच्या अशा माळा करण्यातच माझ्या बापाची हयात गेली, आता माझी. एक रुपया वेगळाच. मागं भलतीच नक्षी. बाकीचे जुने निकेलचे, चुंबकाले चिकटले, हा नाई.
"सोमीबाई, हा कुठला?"
"सासूले बाजारात भेटला. कोणी दुकानदार घेये नाई. जो बाजारात नाई चालत, तो गळ्यात चालते, सलीमभाऊ."

५ फेब्रु.
वानखेडे सरांले फोटो धाडला. चंद्रपूरचे रिटायर मास्तर, नाण्यांचे वेडे. लगेच फोन. म्हणे नवं नाणं काढायच्या आधी टांकसाळीत वेगवेगळ्या धातूंचे नमुने पाडतात, नापसंत ते वितळवतात. हा वाचलेला नमुना असन, नाई तं कोण्या भामट्याचा खोटा रुपया. धातू तपासल्याबिगर सांगता येत नाई. "सलीमभाऊ, आग दाखवू नका! कानस तं बिलकुल नाई!"
घ्या. मंग कडी का थुंकीनं चिकटवू?

७ फेब्रु., शुक्र
सोमीबाईले म्हटलं, रुपया नागपूरले तपासाले पाठवू, लगनानंतर परत येईन. भडकली. "अन् पोरगी काय फुटकी माळ घालून सासरी जाईन?" तिचंही बरोबर. शेवटी चांदीच्या तारेच्या नख्या करून त्यात बसवला. आग नाई, कानस नाई. दिवस गेला त्यात.

९ फेब्रु., रवि
लगन. सर स्वतःच हजर, सराफाकडून धातू तपासायची मशीन मागून. मशीन हुबेहूब पिस्तूल! अरे बाबा, गडचिरोलीत असं काई पिशवीतून काढते का कोणी? नवरदेवाचा काका तं खाटेखाली. मी ओरडलो, "सोनाराचं हाय, सोनाराचं!" मंग हसले सारे. तरी सोमीबाई सरांले नवरीजवळ येऊ देईना.
कमली हळदीनं माखलेली. तीच बोलली, "सर, खोटा निघाला तं माळेतून काढाल?"
"नाही गं बाई."
"अन् खरा निघाला तं?"
सरांनी मशीन खाली केली.
"मंग राहू द्या."

१२ फेब्रु.
सरांचा रोज फोन. म्हटलं, होळीले कमली माहेरी येईन, तवा पाहू. धातू कोणता, हे मलेही जाणून घ्याचं हाय, खोटं कायले लिहू. पण तिनं सरांले विचारलं तेच मले विचारलं, तं मी काय सांगू?