सोड म्हणेपर्यंत

३ जून, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस मस्त गेला. खोली गार, स्कॅनचं यंत्र नवंकोरं, डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या. यकृतात पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी त्या सुईने जाळतात. पोट फाडायचं नाही, एवढंसं भोक, दुसऱ्या दिवशी पेशंट घरी. सुई शिरताना पोट हलू नये म्हणून मी काचेआडून माइकवर सांगायचं: श्वास घ्या, धरा, सोडा. एवढ्याचा पगार देतात म्हटल्यावर ताई पोट धरून हसली. खरं तर नोकरी तिच्यासाठीच घेतली. तिच्या यकृतात चार गाठी आहेत. आईच्या मागे मला तिनेच वाढवलं. तिच्याशिवाय मला आहे कोण?

१२ जून, बुधवार
आज ताईचा नंबर. चारही गाठी जाळल्या. शेवटच्या सुईला मी पडद्याकडे बघत बसले आणि सोड म्हणायचंच विसरले. दीड मिनिट गेलं. ताई निळी पडली, पण हलली नाही. बाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. ताई म्हणाली, तू सांगितलं नाहीस, मग कशी सोडणार?

२७ जून, गुरुवार
भाजी निवडताना ताई मधेच थांबते. छाती फुगलेली, डोळे माझ्याकडे. मी सोड म्हटलं की श्वास सुटतो. शेजारच्या काकूंनी सांगून पाहिलं, सुटला नाही. ताई म्हणते, कानात तुझा आवाज येतो, धर म्हणतो. मी चेष्टेवारी नेलं.

१९ जुलै, शुक्रवार
नवा स्कॅन. अकरा गाठी, फुप्फुसातही. बाई म्हणाल्या, आता सुईचं काम राहिलं नाही, घरी ने, जवळ बस. मी भांडले त्यांच्याशी. उगीचच भांडले.

३० जुलै, मंगळवार
सकाळी दहाला ताईने श्वास घेतला. मी सोड म्हटलं नाही. या वेळी मुद्दाम. हा सोडला तर पुढचा ती घेणार नाही.
दुपारी डॉक्टर आले, नाडी बघितली, गेली म्हणाले. हाकलून दिलं त्यांना.

३१ जुलै
छाती अजून फुगलेलीच. अंग थंडगार. डोळे मात्र — मी फिरेन तसे फिरतात. त्रास होतोय तिला. कळतं मला.

१ ऑगस्ट
काकू दार वाजवतायत. वास येतो म्हणतात. ताईच्या डोळ्यांतून पाणी — उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही तिने, आज मागतेय. एकच शब्द. माहीत आहे गं मला. पण तो म्हटला की मग मी — थोडं धर, ताई. एवढं पान लिहून होईपर्यंत — एवढंच —