लेईच्या टाकीत एक कण

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधनाची सुरुवात कुठेतरी नोंदलेली असावी.
हथखोजच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात खोके चिकटवायची लेई बनते. टाकी स्टीलची, आत काय फिरतं ते कुणालाच दिसत नाही. माझ्या एम.टेक. प्रोजेक्टमध्ये मी ते दाखवणार. वाळूच्या दाण्याएवढा किरणोत्सारी कण आत सोडायचा. त्यातल्या पॉझिट्रॉनमुळे गॅमा किरणांच्या जोड्या विरुद्ध दिशांना सुटतात, स्टीलमधून आरपार जातात. दोन्ही बाजूंना डिटेक्टर, दोन्ही मिळून आमचा ‘कॅमेरा’. रेषा छेदतात तिथे कण. आईला तीनदा समजावलं. तिने शेजारच्या सिंधुताईंना सांगितलं, "पोरगी टाकीचा एक्स-रे काढून राहिली."

७ फेब्रुवारी, शुक्रवार
लेईत गुठळ्या होतात. मालक ओमप्रकाशजींच्या मते चंपतकाका पावडर घाईत ओततात. काका बाबांच्या गावाकडचे, एकवीस वर्षं त्याच टाकीवर. ते म्हणतात, "बुडाशी माल फिरतच नाही, पोरी. सांगून सांगून थकलो. आयकते कोन?" टाकी निर्दोष निघाली, तर काकांना गोदामात पोती उचलायला पाठवणार. वय सत्तावन्न, गुडघे गेलेले. मी म्हटलं, काळजी करू नका, विज्ञान तुमच्या बाजूनं आहे. म्हणाले, "त्याले लवकर ये म्हन."
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दोन पेपर वाचणे.

१० फेब्रुवारी, सोमवार
साडेसातला उठले. पेपर आणले आहेत.
कॅमेरा फक्त बुधवारी मिळणार. माझे गाईड अतुल सर नेमके बाहेरगावी. सेफ्टी ऑफिसर असतील. जाताना सरांनी चारदा बजावलं, कण ढवळायची मशीन चालू असतानाच सोड. एकदा पुरलं असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
कण आला. दर एकशे दहा मिनिटांनी त्याचा जोर निम्मा होतो, हे मी ओमप्रकाशजींना सांगितलं. ते म्हणाले, "नया काम है मैडम, बिना नारियल के कैसे?" मशीन बंद केली. पंडितजी पाऊण तास उशिरा. पूजा, हार, फोटो. मग मालकांची अट: आधी कण पडेल, नंतर मुहूर्तावर बटण तेच दाबतील. मी नीट विचार केला. शांत लेईत कण अलगद जाईल. उलट बरंच.
बटण दाबलं आणि स्क्रीनवर कण फिरायला लागला! डोळे भरून आले. काकांनी विचारलं, "बुडाले गेला का?" म्हटलं, जाईल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
विलक्षण निकाल. दोन तास कण एकाच सुंदर वर्तुळात फिरला. बुडाशी काही अडत असतं, तर तो अडला नसता का? पण एक क्षणही थांबला नाही. अशी शिस्त मी वाचलेल्या एकाही पेपरात नाही. (दोन वाचलेत.) म्हणजे टाकी निर्दोष.
काकांसाठी वाईट वाटलं. पण संशोधनात नातंगोतं बघायचं नसतं. रिपोर्ट मालकांना दिला. सरांची वाट बघण्यात वेळ गेला असता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
काका गोदामात. फाटकाशी भेटले. "कावून वो, तुहं विज्ञान कोनाच्या बाजूनं होतं म्हने?" मी घाईत होते, तशीच पुढे निघाले.
बाबा आपलं ताट घेऊन अंगणात जेवायला बसले. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे हा एकटेपणा येणारच. पेपरचं शीर्षक ठरवलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
सर परतले. दोनच प्रश्न. ढवळणाऱ्या पात्याचा वेग? मिनिटाला बेचाळीस फेरे. आणि कणाचा? मोजला. बेचाळीस.
म्हटलं, काय योगायोग, सर!
सर चष्मा काढून म्हणाले, "उन्नती, कण पात्याला चिकटला होता. लेई आहे ती."
दुपार: दोष नारळाचा. शिवाय पंडितजींचा. पातंही नको इतकं रुंद आहे.
संध्याकाळ: कण मी टाकला होता. बंद पात्यावर.

२० फेब्रुवारी, गुरुवार
मालकांना पत्र. "अनपेक्षित चिकटपणामुळे" – खोडलं. "निष्कर्षांत किंचित सुधारणा संभवते" – खोडलं. अकराव्या कागदावर: माझा रिपोर्ट चुकीचा आहे. चंपतकाकांना टाकीवर परत घ्या.
कॅमेरा पुन्हा ऑक्टोबरमध्ये. तोवर या पत्रावरच सगळं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
वाटेत भाषण पाठ केलं. मालक नाहीच म्हणाले, तर तिथेच बसून राहायचं.
काका टाकीपाशीच उभे होते. सोमवारपासून परत कामावर. नव्या ऑपरेटरच्या हातून दुप्पट गुठळ्या झाल्या, तेव्हा मालकांनी टाकी रिकामी करून बूड पाहिलं. घट्ट बसलेल्या लेईचा वीतभर थर. "टंकी ही खराब निकली, मैडम. आपको किसी ने बताया नहीं?" पत्र न उघडताच फाइलला लावलं.
काकांनी विचारलं, "चिठ्ठीत काय लिवलं?"
म्हटलं, तुमचं बरोबर होतं.
"हे तं मले माहीत होतं," म्हणाले आणि पावडर ओतायला वळले. सावकाश ओतत होते.
म्हणजे माझ्या पत्रातला निष्कर्ष स्वतंत्रपणे सिद्ध झाला आहे.