मेबलला बसू द्या

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून न उठवता निघते आहे. उद्या मला शाळेत शिकवायचं आहे, बर्लिंग्टनला उजेडात पोचायला हवं.

सारखं अंड्यांवर बसून राहायची खुडूक मोडावी म्हणून मेबलला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं, ते चुकलंच. आज सोडली तर बाकीच्या कोंबड्या तिला विसरलेल्या. परकी समजून त्यांनी तिचा तुरा रक्ताळेपर्यंत टोचला. तिला पिंजऱ्यात ठेवताना तुम्ही म्हणाला होतात, "आई जाऊन महिना नाही झाला. तिचे कोट देऊन टाकायला बांधलेस, आता कोंबडी. कुणाला जरा बसू देशील की नाही, कोरीन?" त्यावर मी म्हणाले, "तुमच्या गोल्फच्या चेंडूंतून पिल्लं निघणार आहेत का?" कोंबड्यांनी तिथंच अंडी घालावीत म्हणून आईनंच ते चेंडू अंड्यांसारखे खुराड्यात ठेवले होते, हे माहीत असून म्हणाले.

मेबलला पुन्हा चेंडूंवर बसवलं आहे. मध्ये जाळी लावली आहे, म्हणजे बाकीच्यांना ती दिसत राहील. ती आपणहून उठत नाही. रोज दुपारी दोन्ही हातांनी उचलून दाण्यापाण्यापाशी ठेवा आणि ती खाईपर्यंत तिथंच थांबा. फ्रिजमध्ये सूप आहे. वाटी बाहेरच घेऊन जा, तिच्यासोबत तुमचंही होईल.

शुक्रवारी येताना मी नुकती निघालेली पिल्लं आणते. अंधार पडला की चेंडू काढून ती तिच्या पोटाखाली सरकवू, आई करायची तशी. मला एकटीला जमणार नाही.

कोट परत कपाटात लावले आहेत. निळा तेवढा घालून निघाले. बाहेर गारठा आहे.

कोरीन