ताईने पाठवलेल्या गोळ्या

दि. ९ ऑक्टोबर, दुपार

तीर्थस्वरूप वन्संना नमस्कार.

हाताशी फोन असताना ही पत्र कसलं लिहिते, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही, हे कारण. पत्रात मधे बोलायची सोय नाही, तेव्हा आज ऐकून घ्या.

इकडे सगळं ठीक. धाकटी परीक्षेचे पेपर सोपे गेले म्हणते, म्हणजे निकाल लागेपर्यंत आपण आनंदात राहायचं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कुत्रं पाळलंय. ते त्यांच्यापेक्षा शांत आहे. दुकानात कोटांची कामं पडून आहेत, कारण कापायला कोणी नाही.

ते का नाही, हेच लिहायला बसले आहे आणि इकडचं तिकडचं लिहिते आहे.

यांची कंबर तुम्हाला ठाऊक आहे. कापायच्या टेबलावर दिवसभर वाकून ती मोठी कात्री चालवायची, म्हणजे दुखणारच. त्यात यांचं लिव्हर खराब. लहानपणच्या त्या काविळीने आतून कधी घर केलं, कळलंच नाही. तापाची साधी गोळी लिव्हरला विष असते, असं कोणी तरी सांगितलं आणि मी ती घरातून काढून टाकली. डॉक्टरांना विचारायचंही सुचलं नाही. हे दात-ओठ खाऊन काम करत राहिले. तुम्ही फोनवर मला म्हणालात, की माझ्या भावाला वेदनेत ठेवतेस, तुला दयामाया आहे की नाही. ते मला फार लागलं, वन्सं. मग तुमचं पार्सल आलं. तुम्हीही तेच ऐकलं होतं, म्हणून तापाची गोळी टाळून मुद्दाम दुसऱ्या, सूज आणि दुखणं घालवणाऱ्या गोळ्या पाठवल्यात. त्यांचा लिव्हरशी काही संबंध नाही, असं दुकानदाराने तुम्हाला सांगितलं होतं.

गुण आला, नाही कसं म्हणू. हे शीळ घालत कापड कापू लागले. मीसुद्धा मनात म्हटलं, वन्संचं बोलणं कडू पण औषध गोड.

गेल्या महिन्यात दुकानातच, टेबलावर मांडलेल्या कापडावर, यांना रक्ताची उलटी झाली. शेजारच्या चष्मेवाल्यांनी गाडीत घालून इस्पितळात नेलं. अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली होती, ती दुर्बीण घालून बांधली. किडन्याही रुसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुखण्यावर काही घेत होता का. हे म्हणाले, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मी दुकानात जाऊन खडूच्या डब्यामागून तुमच्या गोळ्यांचं पाकीट आणून बाईंच्या हातात दिलं, तेव्हा यांनी भिंतीकडे तोंड केलं.

बाई रागावल्या नाहीत. ही चूक रोज बघते, म्हणाल्या. लोक तापाच्या गोळीला, म्हणजे पॅरासिटामॉलला, घाबरतात आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या बिनधास्त घेतात. एवढं लिव्हर बिघडलेल्याला त्यांनीच रक्तस्राव होतो, किडन्या जातात. पॅरासिटामॉल उलट चालते, पण बेताने. यांना पाचशेच्या गोळ्या दिवसभरात चारच्या वर नाहीत, त्याही अंतर ठेवून, आणि सर्दीच्या गोळीतही तीच असते, ती त्या हिशेबात धरायची. दारू तर नाहीच. प्रत्येकाचं लिव्हर वेगळं, म्हणून दुसऱ्याचं ऐकून काही घ्यायचं नाही, आधी त्यांना विचारायचं.

बाई गेल्यावर यांनी माझा हात धरला. म्हणाले, “ताईला कळू देऊ नकोस. आई गेल्यावर तिनं मला भरवून मोठं केलंय. तिच्या हातून मला असं झालं, हे तिला सोसणार नाही.”

मी शब्द दिला. खरं सांगायचं तर तेव्हा मी तुमच्यावर इतकी चिडले होते, की तुमचं नाव तोंडातून निघालं नाही तेच बरं, असं वाटलं. मग चीड ओसरली. अर्धी चूक माझीही होती. पत्र लिहायचं मनातसुद्धा नव्हतं.

पण रविवारी तुमचा फोन आला. हे अजून इस्पितळातल्या खाटेवर, हाताला सुई, आणि तुम्हाला सांगतात दुकानात आहे, गोळ्या फार छान, कंबर मोकळी झाली. तुम्ही खूश होऊन म्हणालात, येताना आणखी घेऊन येते. हे म्हणाले, “आण.”

फोन ठेवल्यावर मी विचारलं, आणल्या तर काय करणार? म्हणाले, बघू. हे “बघू” मी इतकी वर्षं ऐकते आहे, त्याचा अर्थ मला कळतो. तुम्ही समोर बसून पाण्याचा पेला पुढे केलात, तर हे ती गोळी गिळतील. डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं आठवत असताना गिळतील. तुम्हाला नाही म्हणायला यांना कधी जमलंच नाही. पुन्हा रक्त गेलं तर वाचवणं कठीण, असं बाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलंय.

म्हणून शब्द मोडला.

वन्सं, तुम्ही रडाल, मला ठाऊक आहे. तिकडेच रडून घ्या. स्वतःला दोष देत बसू नका, तुम्ही मायेनेच दिलंत. मग या, आणि यांच्यासमोर बसून लहानपणी दटावायचात तसं दटावा. सांगा, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही हातची गोळी घ्यायची नाही, माझ्या हातचीही नाही. मी सांगून थकले, डॉक्टर सांगून थकल्या. तुमचं एकदा सांगणं पुरेल.

मला हे हवे आहेत, वन्सं. तुम्हालाही हवे आहेत. आपलं दोघींचं बाकी कशावर जमलं नाही तरी चालेल.

वाट बघते.

तुमची,
शब्द न पाळणारी भावजय