ओल्या कचऱ्याची क्रांती

३ जून
सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोललो. बोललो कसला, गर्जलो! 'ज्याला आपल्या घरातली केळ्याची साल जिरवता येत नाही, त्याने पृथ्वी वाचवायच्या बाता मारू नयेत.' टाळ्या. तिथल्या तिथे ठराव: ओला कचरा उचलणं बंद, प्रत्येक घराने आपापलं खत करायचं. मुलगी पहिल्या रांगेत होती. अशी बघत होती, की मला आणखी दहा मिनिटं बोलणं भाग पडलं.

४ जून
ड्रम आणला. बाल्कनीत ठेवला. रोज ढवळणार कोण, असं बायकोने विचारलं. म्हणालो, विचार ढवळले की समाज ढवळतो. ती म्हणाली, समाजाचं राहू द्या, ड्रमचं बोला.

९ जून
ढवळणं राहिलं. मातीवरचे तीन जाडजूड ग्रंथ वाचतो आहे. आधी सिद्धांत पक्का हवा. ड्रमला किंचित वास. जिवंतपणाचं लक्षण.

१३ जून
किंचित नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावली, तीही आपटून. अळ्या झाल्यात. ग्रंथात अळ्यांना मित्र म्हटलं आहे. मित्र स्वयंपाकघरापर्यंत आले. बायको म्हणाली, तुमचे मित्र, तुम्हीच चहाचं विचारा.

१४ जून, पहाटे
सगळा माल पिशव्यांत भरून पलीकडच्या बिल्डिंगच्या डब्यात टाकला. ड्रम घासून लख्ख केला. ही माघार नव्हे, डावपेच. सोमवारपासून नव्याने.

१८ जून
सोमवार होऊन गेला. रोज पहाटे पिशवी घेऊन पलीकडे जाण्याने तब्येत मात्र सुधारते आहे. सेक्रेटरी भेटले. म्हणाले, तुमचं ऐकून तळमजल्यावरचे आजोबासुद्धा दुखऱ्या गुडघ्यांनी ड्रम ढवळतात. रविवारी सगळ्यांना तुमचं खत दाखवा. हो म्हणालो. माझी जीभ नेहमी पुढे धावते, मी मागून पोचतो.

२० जून
मुलीने वर्गात सांगितलं, आमच्या घरातून कचरा बाहेर पडतच नाही. बाईंनी तिला उभं करून कौतुक केलं. ऐकून मी अर्ध्या ताटावरून उठलो.

२१ जून, पहाटे
पिशवी टाकून वळलो, तर मागे मुलगी. जाग आली, मी दिसलो नाही, म्हणून शोधत आलेली. तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा एकही वाक्य सुचलं नाही. ती घराकडे वळली. मी तिच्या मागून चाललो.

दुपारी
मंडळी आली. रिकामा ड्रम बघून सेक्रेटरींनी विचारलं, खत कुठे आहे? मी खोकलो. मुलगी पटकन म्हणाली, कालच बाबाने सगळं झाडांना घातलं. आवाज खणखणीत, नजर सरळ. माझ्या पोरीला खोटं बोलता येत नव्हतं हो! कोणीतरी म्हणालं, बापाच्या वळणावर गेली आहे. टाळ्या.

२२ जून, पहाटे
रात्रीच ठरवलं: पुढच्या मीटिंगमध्ये जाहीर कबुली. मुद्दे काढले, शेवट तर अप्रतिम झाला आहे. उठलो, तर मुलगी दारात, हातात कचऱ्याची पिशवी. म्हणाली, बाबा, तू झोप. तुला कोणी बघितलं तर वाईट दिसेल. मला कोण विचारतंय?